खर्डा आणि खर्डेघाशी

१. एकाच लिखाणाला इतकी नावे का?

घाईघाईने, वेडेवाकडे, खाडाखोड करत लिहिलेल्या मजकुराला मराठीत नेमके काय म्हणायचे, असे पुष्कळ जण विचारतात. उत्तरात एकच शब्द मिळावा अशी त्यांची अपेक्षा असते. पण मराठीने या कामासाठी एक शब्द ठेवलेला नाही. अक्षरे एकमेकांच्या अंगावर चढली असतील तर ती गिचमिड. हातात पेन्सिल आलेले पोर भिंतीवर काढते त्या गिरगोट्या. साहेब सही म्हणून ओढतात तो फराटा. शाळेच्या वहीत दिसतात ते कोंबडीचे पाय. या सगळ्या शब्दांत डोळ्यांची तक्रार आहे, म्हणजे लिखाण दिसते कसे याबद्दलची. 'खरडणे' हे क्रियापद त्या रांगेत बसत नाही. ते लिखाण दिसते कसे यापेक्षा झाले कसे हे सांगते. संपादकाने तगादा लावला म्हणून तासाभरात उरकलेला लेख संगणकावर स्वच्छ टाइप केलेला असला तरी तो खरडलेलाच. उलट डाव्या हाताने, थरथरत, पण शब्दन् शब्द तोलून लिहिलेले पत्र कितीही वाकडे दिसले तरी त्याला कोणी खरडलेले म्हणत नाही.

बोलणारा कोण यावरही या शब्दाचा अर्थ फिरतो. 'गाडी सुटायच्या आत चार ओळी खरडतो आहे' असे स्वतःबद्दल लिहिले की ती नम्रता होते. 'हे काय खरडून ठेवलंयस?' असे दुसऱ्याला विचारले की ती खरडपट्टी होते. क्रिया तीच, वेग तोच, फरक आहे तो वाचणाऱ्याशी असलेल्या नात्याचा. या प्रकरणात एवढेच दाखवायचे आहे की घाईचे लिखाण हा मुळात दोष नाही. जो कागद ज्याच्यासाठी लिहिला त्याच्या हातातून निसटून दुसऱ्याच्या हाती गेला, की तो दोष होतो. शब्दांचा इतिहास, मोडी लिपी आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीची दप्तरे, तिन्हींची साक्ष याच बाजूने पडते.

२. भांडे, मिरची आणि बोरू

खरडणे म्हणजे पृष्ठभाग घासून वरवरचे काढून घेणे. तळाला लागलेला भात आपण खरडतो. अतिवृष्टीनंतर 'जमीन खरडून गेली' अशी बातमी येते. कोल्हापूरकडचा मिरचीचा खर्डा बारीक वाटलेला नसतो, जाडाभरडा ठेचलेला असतो. नाशिकच्या द्राक्षबागांत एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी, वेल पुढच्या हंगामासाठी तयार करणारी पहिली छाटणी. फळासाठीची छाटणी पुढे ऑक्टोबरच्या सुमारास होते. या सगळ्या उपयोगांत दोन गोष्टी सारख्या आहेत. काम वरवरचे किंवा जाडेभरडे असते, आणि पुष्कळदा ते शेवटचे नसते, त्याच्यानंतर आणखी काही व्हायचे असते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. त्यात 'खरडा' या नोंदीखाली भांड्याचे खरवडण, जाडसर कुटलेली मिरी-मेथी, खाडाखोडीचे लिखाण आणि कच्चा मसुदा हे अर्थ एकाच वस्तीतल्या घरांसारखे शेजारी शेजारी आहेत. (कसारा लोकलवर खर्डी नावाचे स्टेशन लागते आणि पूर्वीच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला १७९५ साली मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. नावे जुळली म्हणून त्या गावांना या शब्दात ओढायचे कारण नाही.)

येथे पहिला आक्षेप येईल. खरडणे हा लिहिण्याचा हलका प्रकार आहे, मग लिहिणे या थोर क्रियेशी त्याची सोयरीक कशाला जोडायची? पण 'लिहिणे' ज्या संस्कृत 'लिख्' धातूतून आले, त्याचा जुना अर्थही ओरखडणे, रेघ ओढणे, कोरणे असाच आहे. इंग्रजीतल्या 'राइट'चे आणि लॅटिनमधल्या 'स्क्रिबेरे'चे मूळही ओरखडण्यातच आहे. दगड, झाडाची साल, ताडपत्र यांवर टोकदार वस्तूने ओरखडे काढले आणि त्याला लेखन म्हटले. म्हणजे लिहिणे आणि खरडणे एकाच ठिकाणाहून निघाले. एकाला पुढे प्रतिष्ठा मिळाली, दुसऱ्याच्या वाट्याला कच्चे काम आले.

३. काळा केलेला कागद

कच्च्या लिखाणाला मराठीत आणखी एक भारदस्त शब्द आहे, मसुदा. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ 'काळा केलेला', म्हणजे खाडाखोडीने काळवंडलेला कागद. पक्क्या प्रतीसाठी अरबीत याच्या उलट, 'पांढरी केलेली' अशा अर्थाचा शब्द आहे. आज कायद्याचा मसुदा म्हटले की डोळ्यांपुढे शिक्का आणि फाइल येते, पण शब्दाच्या पोटात शाईचे डागच आहेत. एक शब्द देशी आणि एक परका. दोघांनीही कच्च्या प्रतीचे नाव तिच्या कुरूपपणावरून ठेवले आणि दोघांनीही तो कुरूपपणा क्षम्य मानला, कारण पुढे पक्की प्रत होणार हे गृहीत होते. मंत्रालयापासून तहसील कार्यालयापर्यंत आजही टिप्पणी, मसुदा, स्वच्छ प्रत, स्थळप्रत अशी पायरी-पायरीची नावे चालतात. मसुद्यावर साहेबांनी लाल शाईने काट मारली तर कारकुनाला वाईट वाटत नाही. काट स्वच्छ प्रतीत राहून गेली तर मात्र मेमो मिळतो.

४. हात न उचलता

मराठीपुरते बोलायचे तर घाईच्या लिखाणाची सर्वांत मोठी गोष्ट मोडी लिपीची आहे. परंपरा मोडीचे श्रेय तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री असलेल्या हेमाद्री तथा हेमाडपंताला देते. नावाची फोड बहुतेक लोक 'मोडणे' या क्रियापदावरून करतात, कारण अक्षरे मोडून, वळवून लिहिलेली असतात. फारसी दप्तरातल्या भरभर लिहिण्याच्या वळणाला 'शिकस्ता' म्हणतात आणि त्याचाही अर्थ 'मोडलेले' असाच होतो, हे साम्य अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेले नाही. राज्यकारभार वाढला, कागद वाढले, आणि लिहिणाऱ्याचा हात कमी पडू लागला, ही अडचण दोन्हीकडे सारखीच होती.

मोडी वेग कसा मिळवते ते एका शब्दावर पाहू. बालबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, 'राम' लिहायचा तर आधी र, मग हात उचलून काना, मग पुन्हा उचलून म, आणि शेवटी वरची रेघ. दोन अक्षरांसाठी निदान चार तुकडे. मोडी लिहिणारा रेघ आधीच ओढून ठेवतो, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिच्याखाली बोरू चालवत जातो. काना अक्षरातूनच वळून वर जातो आणि पुढचे अक्षर तिथून सुरू होते. कल्याणच्या प्रवाशाला यातले गणित सांगायला नको. फास्ट लोकल स्लोपेक्षा लवकर पोहोचते ती मुख्यतः मधली स्टेशने सोडते म्हणून. मोडीने अशीच थांब्यांची संख्या कमी केली.

यापुढची बचत अर्थाच्या बाजूला आहे. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळत नाहीत, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, विरामचिन्हे नसतात. नेहमीच्या शब्दांची संक्षिप्त रूपे करतात. राजमान्य राजश्रीचे रा. रा. आणि विनंती विशेषचे वि. वि. ही रूपे आपल्या आजोबांच्या पत्रांपर्यंत टिकली. मग घोटाळा होत नसे का? 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, हे मोडीत एकसारखेच लिहिले जाणार. पण 'सुत आला' आणि 'सूत आले' यांत क्रियापदच लिंग सांगते. मराठीच्या व्याकरणात माहिती दोनदा-दोनदा येते, आणि लेखक त्यातली एक बाजू गाळतो. उरलेली बाजू वाचणारा भरून काढतो, मात्र त्याला विषय, माणसे आणि पत्राचा साचा ठाऊक असला पाहिजे. पेशवाईत कल्याण हा सुभा होता आणि रामजी महादेव बिवलकर हे तिथल्या सुभेदारांपैकी एक. अशा सुभ्यातून पुण्याला गेलेला हिशेबाचा कागद तिथल्या कारकुनाला कोड्यासारखा वाटत नसे, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच तालमीत वाढलेले असत.

या ठिकाणी जाणकार वाचक हरकत घेईल की मोडीला घाईची लिपी म्हणणे हा तिचा अपमान आहे. चिटणिशी, बिवलकरी अशी तिची नावाजलेली वळणे होती आणि चांगल्या हाताची मोडी पाहण्यासारखी असते. हरकत खरी आहे, आणि आपल्या मुद्द्याला ती बळच देते. वेग आणि अव्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोडीतही नेटकी मोडी आणि घसटी मोडी असा भेद करत आले आहेत. घसटीत अक्षरांची शेपटे एकमेकांत इतकी मिसळतात की मुरलेला वाचकही ओळ दोनदा वाचतो. म्हणजे गिचमिडीची कल्पना मोडी वाचणाऱ्यांनाही होती, फक्त तिची रेघ आपल्यापेक्षा बरीच पुढे आखलेली होती.

नेटकेपणाची कडक अपेक्षा त्या काळात नव्हती असेही नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. बालबोध अक्षर घोटून सुंदर करावे, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एकच वळण राहावे, ओळी आणि पानाच्या कडेचे समास सारखे असावेत, असा त्याचा रोख आहे. पण तो उपदेश ग्रंथ लिहिण्यासाठी आहे. ग्रंथ कोण वाचील, कुठे वाचील, किती वर्षांनी वाचील, हे लिहिणाऱ्याला माहीत नसते. व्यवहाराच्या कागदाचा वाचक ठरलेला असतो. म्हणून ग्रंथ बालबोधीत आणि दप्तर मोडीत, अशी सरळ वाटणी समाजाने केली. अनोळखी वाचकासाठी सावकाश, ओळखीच्यासाठी भरभर, यापेक्षा शहाणी वाटणी मला सुचत नाही.

५. खर्डेघाशी, म्हणजे कोणाचे काम?

'खर्डेघाशी' या शब्दात खर्डे आहेत आणि घासणेही आहे. आज त्याचा अर्थ वाईट अक्षर असा कोणी घेत नाही. बैठे, कंटाळवाणे, पोटासाठी करायचे कारकुनी काम, हाच अर्थ रूढ आहे. या शब्दाला ठाणे-कल्याण-डोंबिवलीइतके हक्काचे गाव दुसरे नाही. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी आली, १ मे १८५४ला ती कल्याणला पोहोचली, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत मुंबईचे सचिवालय, रेल्वे, बंदर, बँका आणि विमा कंपन्या यांच्या टेबलांवर बसणारी माणसे या रुळांच्या दोन्ही बाजूंना वस्तीला आली. २००५च्या 'डोंबिवली फास्ट' चित्रपटाचा नायक बँकेत नोकरी करणारा दाखवला तेव्हा प्रेक्षकाला तो कोण हे समजावून सांगावे लागले नाही.

शब्दातला तुच्छभाव मात्र तपासण्यासारखा आहे. कोणी म्हणेल, काम एकसुरी आहे म्हणून शब्द कडू आहे. पण रोज तोच धडा शिकवणारा प्राध्यापक आणि रोज तेच घसे तपासणारा डॉक्टर यांच्या एकसुरीपणाला भाषेने असे नाव दिलेले नाही. खरे कारण वेगळे दिसते. कारकून लिहितो त्या कागदावर त्याचे नाव नसते. मसुदा त्याचा, सही साहेबांची. ज्या लिखाणाचे श्रेय लिहिणाऱ्याला मिळत नाही त्याला भाषेने घासणे म्हटले. हेच काम दरबारात करणारा चिटणीस मानकरी होता. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांनी पत्र लिहायचे राहून गेले असताना कोऱ्या कागदावरून ते जसेच्या तसे वाचून दाखवले, अशी आख्यायिका कौतुकाने सांगितली जाते. नीट पाहिले तर त्यांनी खर्डासुद्धा केलेला नव्हता! आणि डोंबिवलीकर शं. ना. नवरे यांनी सरकारी नोकरी सांभाळून कथा आणि नाटके लिहिली. दिवसा टिप्पणी लिहिणारा हात घरी येऊन कथा लिहू शकतो. तेव्हा खर्डेघाशी हा शब्द कामाच्या दर्जाविषयी जेवढे सांगतो त्याहून जास्त समाजाच्या उतरंडीविषयी सांगतो.

६. कागद घराबाहेर पडतो तेव्हा

आता या प्रकरणाच्या मुख्य मुद्द्याकडे येऊ. ओळखीच्या वाचकासाठी केलेला खर्डा अनोळखी वाचकाकडे पोहोचला की काय होते? पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले बहुसंख्य कागद मोडीत आहेत. त्यांतून निवडलेले कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत बालबोधीत छापले गेले. एवढी खटपट करावी लागली ती लेखकांचे अक्षर वाईट होते म्हणून नव्हे. मोडी व्यवहारातून आणि शाळेतून हटत गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाचकच संपला. शाई तीच, कागद तोच. जो मजकूर तेव्हा स्पष्ट होता तो आज बहुतेकांना गिचमिड वाटतो. २०२३ साली मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अभिलेख कक्षांत मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, कोणीतरी उभ्या-उभ्या केलेली एका ओळीची नोंद नातवंडांच्या शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या आरक्षणाचा आधार होऊन बसली. लिहिणाऱ्याच्या मनात हा वाचक येणे शक्यच नव्हते.

जमिनीच्या कागदात हा फरक पैशांत मोजता येतो. डोंबिवलीत सदनिका घेणाऱ्याला 'मौजे गजबंधन पाथर्ली' हे नाव करारनाम्यात प्रथम भेटते, कल्याणला 'मौजे चिकणघर'. शहर उभे राहिले, पण त्याच्या पायाखाली तलाठ्याच्या हाताचे सातबारे आहेत. समजा, एका जुन्या उताऱ्यावर क्षेत्र ११ गुंठे आहे आणि पहिल्या एकाची गाठ जरा मोठी झाली आहे. नक्कल करणाऱ्याने तो ९ वाचला तर ९१ गुंठे होतात. फरक ८० गुंठ्यांचा, आणि ४० गुंठ्यांचा एकर धरला तर बरोबर दोन एकर, म्हणजे ८७,१२० चौरस फूट. गावच्या तलाठ्याला शेत डोळ्यांपुढे दिसत असल्यामुळे तो ही चूक करणार नाही. शेत न पाहिलेला करील. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १५५ मध्ये अशा लेखनप्रमादांच्या दुरुस्तीची तरतूद मुद्दाम करून ठेवावी लागली. हाताच्या उताऱ्याची जागा आता डिजिटल स्वाक्षरीच्या उताऱ्याने घेतली आहे, पण संगणकात आकडे भरले गेले ते याच वह्यांवरून.

डॉक्टरांच्या चिठ्ठीचे उदाहरण सगळेच देतात, आणि बहुधा विनोदासाठी. ते आपल्या कसोटीवर लावून पाहावे. दवाखान्याच्या खालचा औषधविक्रेता तीच चिठ्ठी क्षणात वाचतो, कारण त्याला डॉक्टरांची नेहमीची पंधरा-वीस औषधे पाठ असतात. तीच चिठ्ठी कल्याणहून ठाण्याला नेली की अडते. डॉक्टरांनी खर्डा लिहिला हा दोष नव्हे. रुग्ण ती घेऊन कुठेही जाऊ शकतो हे विसरून लिहिला, हा दोष. म्हणूनच भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली नियम बदलून औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या (कॅपिटल) इंग्रजी अक्षरांत लिहावीत असे सांगितले. हा नियम रुग्णाच्या फायलीतल्या डॉक्टरांच्या खाजगी टिपणाला लावायची गरज नाही. तिथे त्यांनी खुशाल खरडावे.

कोणी विचारील, वाचकावरच सगळे सोपवले तर कोणतेही अक्षर वाईट ठरणारच नाही का? ठरेल, आणि त्यासाठी सोपी कसोटी आहे. ज्याच्यासाठी लिहिले त्याला लिहिणाऱ्याकडे परत येऊन विचारावे लागले, तर ते लिखाण फसले. वाण्याच्या यादीत 'तू. डा. २' एवढे पुरते. वाणी २ किलो तूरडाळ देतो. तेच एखाद्या पाहुण्याला लिहून दिले तर तो दुकानातून फोन करील.

७. 'पण आता हाताने लिहितो कोण?'

शेवटचा आक्षेप काळाचा आहे. टंकलेखन आले, संगणक आला, आता गिचमिड उरली कुठे? अक्षराची गिचमिड कमी झाली हे मान्य. खरडणे मात्र तसेच आहे आणि वेगही वाढला आहे. मोबाइलवर रोमन अक्षरांत, स्वर गाळून टाइप केलेली मराठी ही लक्षणांनी मोडीचीच बहीण आहे. ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हे नाहीत, भरपूर संक्षेप, आणि ओळखीच्या माणसाला बिनचूक कळते. ऑर्कुट चालू होते तेव्हा त्यावरच्या स्क्रॅपबुकला मराठी तरुणांनी 'खरडवही' म्हटले आणि या शब्दाला बऱ्याच काळाने प्रेमाचा सूर मिळाला. खुद्द मोडीलाही २०१४मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. घाईच्या लिपीला आता प्रत्येक अक्षरासाठी पक्का क्रमांक आहे, यात गंमत नाही असे नाही.

धोका वाढला तो दुसऱ्या बाजूने. पूर्वी कच्चा कागद कच्चा दिसायचा. खाडाखोड, शाईचे ठिपके आणि तिरप्या ओळी वाचणाऱ्याला सावध करत. आता तासाभरात खरडलेली सूचना आणि चार वेळा तपासलेला ठराव पडद्यावर सारख्याच टंकात दिसतात. गृहनिर्माण संस्थेच्या सभेचे इतिवृत्त कोणीतरी रात्री मोबाइलवर उरकतो, आणि दहा वर्षांनी पुनर्विकासाच्या वेळी तोच कागद पुरावा म्हणून पुढे येतो. नीटनेटक्या टंकामुळे त्याच्या कच्चेपणाचा संशयही कोणाला येत नाही.

तेव्हा घरात आजोबांच्या वेळची मोडी कागदपत्रे असतील तर रद्दीत देण्याआधी ती वाचणाऱ्या कोणाला तरी दाखवा. एरवी खरडायचे तितके खरडा, पण कागद घराबाहेर जाणार असेल तर त्यावर तारीख घाला, 'कच्ची प्रत' असेल तर तसे लिहा, आणि आकड्याशेजारी रक्कम अक्षरीही लिहा. चेकवर आकडा आणि अक्षरी रक्कम यांत फरक पडला, तर १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कमच खरी धरली जाते.